प्रचाराचे व्हिडिओ बनवतानाचे माझे २७ दिवस

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते आणि दोन ठिकाणी तेच तेच बोललो ते काढलंय. बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच आहे. चहा घेऊन बसलोय, तुम्हीही घ्या.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तो म्हणाला, "दादा, आमच्याकडच्या एका नेत्याने इलेक्शनसाठी व्हिडिओ टीम बनवलीय. मला बोलावलंय. पैसे बरे आहेत. जाऊ का? यात करिअर आहे का?"

मी दोन दिवस त्याला उत्तरच दिलं नाही. कारण "जा" म्हणायचं तरी पंचाईत आणि "नको जाऊ" म्हणायचं तरी. मी स्वतः हे काम केलंय. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला. फक्त २७ दिवस. आजवर या पॉडकास्टवर त्याबद्दल मी कधी बोललो नाही. आज बोलतो. उमेदवाराचं नाव, पक्ष, मतदारसंघ काही सांगणार नाही, आणि कृपया अंदाजही लावत बसू नका. कुठल्याही पक्षाच्या टीममध्ये गेला असतात तरी हेच दिसलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी तिथे कसा पोचलो

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. कंपनीने एका दिवशी मीटिंग बोलावली आणि आमची अख्खी टीम बंद केली. बीटेक, पाच वर्षांचा अनुभव, आणि मी हिंजवडीतल्या रूमवर बसून दिवसाला वीस ठिकाणी अर्ज करतोय. दिवाळी तोंडावर आलेली. घरी सांगितलेलंच नव्हतं.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. दोनच दिवसांनी माझ्या आतेभावाचा फोन. तो मराठवाड्यात एका उमेदवाराच्या प्रचारात होता. म्हणाला, "अरे, तुला ते कॉम्प्युटरचं येतं ना? इथं पोरं व्हिडिओ बनवतात पण सगळा गोंधळ आहे. ये महिनाभर. साठ हजार देतील."

मला व्हिडिओतलं फार येत नव्हतं. कॉलेजात गॅदरिंगचे दोन-चार व्हिडिओ प्रीमियरवर कापले होते, तेवढंच. पण साठ हजार ऐकले आणि बॅग भरली. २३ ऑक्टोबरला पोचलो.

आमची वॉर रूम म्हणजे एका मंगल कार्यालयाचा वधूपक्षाचा हॉल. भिंतीवर अजून थर्माकोलची "शुभविवाह" अक्षरं चिकटलेली. सहा टेबलं, अकरा मुलं, तीन इन्व्हर्टर आणि कोपऱ्यात गाद्या. तिथेच काम, तिथेच झोप.

दिवस कसा जायचा

लोकांना वाटतं, प्रचाराचा व्हिडिओ म्हणजे एक मोठी जाहिरात. ड्रोन, स्लो मोशनमध्ये चालणारे भाऊ, मागे जोरदार गाणं. तसे व्हिडिओ आम्ही फक्त चार केले, तेही पुण्याहून आलेल्या एका टीमकडून. रोजचं काम वेगळंच होतं. दिवसाला चाळीस-पन्नास छोटे तुकडे बाहेर काढायचे.

सकाळी सहाला दोन मुलं कॅमेरा घेऊन पदयात्रेला जायची. नऊपर्यंत फुटेज यायचं. दहाच्या आत पहिलं रील गेलं पाहिजे, कारण दहा वाजता साहेबांचे भाऊ स्वतः फोन उघडून बघायचे. दुपारी गावोगावचे बाइट. संध्याकाळी कॉर्नर सभा. रात्री मोठी सभा. ती संपली की भाषणातून सहा-सात तुकडे काढायचे, अक्षरं टाकायची, आणि रात्री एकच्या आत तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडायचे. कारण सकाळी उठल्यावर लोक सगळ्यात आधी तेच बघतात.

प्रत्येक तुकडा तीन मापांत. फोनसाठी उभा, फेसबुकसाठी चौकोनी, आणि एलईडी व्हॅनसाठी आडवा. व्हॅनवरच्या व्हिडिओला मोठी अक्षरं लागतात, कारण आवाज कितीही मोठा केला तरी बाजारात ऐकू येत नाही. व्हॉट्सॲपसाठी फाईल हलकी पाहिजे. ज्या गावात रेंजची एकच काडी येते, तिथे जड फाईल उघडतच नाही, आणि न उघडलेला व्हिडिओ म्हणजे बनवलाच नाही असं धरायचं.

इथे माझं इंजिनिअरिंग कामाला आलं. साहेबांना कल्पना सुचली की प्रत्येक गावाला त्याच्या नावाचा व्हिडिओ जावा. "नमस्कार, अमुक गावच्या मायबाप जनतेला" असा. गावं १३६. मुलं हाताने करायला बसली असती तर आठवडा गेला असता. मी पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक्सेलमधून गावाचं नाव, सरपंचाचा फोटो आणि तिथल्या कामाची एक ओळ उचलायची आणि एफएफएमपेग नावाच्या फुकट टूलने व्हिडिओवर बसवायची. जेवून येईपर्यंत १३६ व्हिडिओ तयार. मला एकदम हिरो केलं सगळ्यांनी.

हिरोगिरी एक दिवस टिकली. यादीत पिंपळगाव दोन होती, बुद्रुक आणि खुर्द. माझ्या स्क्रिप्टने दोन्ही एकच धरली. खुर्दच्या रस्त्याचं श्रेय बुद्रुकला गेलं. संध्याकाळी खुर्दचे कार्यकर्ते हॉलवर आले आणि मला म्हणाले, "इंजिनिअर साहेब, आमचा रस्ता शेजाऱ्याला देऊन टाकला का?" हसू नका. त्या गावची चाळीस मतं त्या रात्री खरंच डगमगली होती, असं आतेभाऊ सांगतो.

व्ह्यूज आणि मतं

आता करिअरचा विचार करणाऱ्यांसाठी महत्त्वाचा मुद्दा. या कामात तुमचं यश कशात मोजतात? व्ह्यूजमध्ये. आणि व्ह्यूज म्हणजे मतं नव्हेत.

आमच्या एका रीलला अकरा लाख व्ह्यूज आले. हॉलमध्ये पेढे वाटले. मी नंतर आकडे उघडून पाहिले. बघणाऱ्यांत मोठा वाटा पुणे, मुंबई, ठाणे, सुरत इथला. काही आपलेच बाहेर गेलेले लोक असतील, पण बहुतेकांचं मतदान आमच्याकडे नव्हतंच. आणि ज्यांचं होतं, त्यातले कितीतरी ऊसतोडीला बाहेर निघालेले. त्यांच्या मुकादमाच्या फोनवर "मतदानाला गावी या" एवढा साधा, हलका व्हिडिओ पोचवणं जास्त कामाचं होतं. त्याला व्ह्यूज आले साडेतीनशे. त्याचे पेढे कोणी वाटले नाहीत.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. २०१९ ची लोकसभा. राज ठाकरे यांची सभा आणि "लाव रे तो व्हिडिओ". त्यांच्या पक्षाने ती निवडणूक लढवलीच नव्हती, पण ते मोठा पडदा लावून सरकारचे जुने दावे आणि आताची परिस्थिती शेजारी शेजारी दाखवायचे. डिजिटल गावाच्या जाहिरातीत झळकलेल्या मेळघाटातल्या हरिसालच्या तरुणालाच त्यांनी एका सभेत स्टेजवर उभं केलं होतं. मुंबई भाजपनेही मग व्हिडिओनेच उत्तर दिलं. तेव्हा मी कॉलेजात होतो, हॉस्टेलवर आम्ही त्या सभा मॅच बघावी तशा बघायचो. अख्ख्या राज्यात तेच चाललं होतं. आणि निकाल? ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला.

म्हणून "माझ्या व्हिडिओने सीट काढली" असं कोणी सांगायला लागलं की मी हळूच विषय बदलतो. आमचा उमेदवार निवडून आला. आमच्या व्हिडिओंमुळे आला का? मला खरंच सांगता येणार नाही. सांगता येईल असं म्हणणारा माणूस पुढच्या निवडणुकीचं कंत्राट मागायला आलेला असतो.

पैसा आणि कागद

हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

विधानसभेला आपल्या राज्यात एका उमेदवाराने जास्तीत जास्त ४० लाख खर्च करायचे असतात. लोकसभेला ९५ लाख. ही मर्यादा २०२२ मध्ये वाढवलेली. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की सोशल मीडियावरचा खर्चही यात धरायचा. नुसते गुगल-फेसबुकला दिलेले जाहिरातीचे पैसे नाहीत, तर व्हिडिओ बनवण्याचा खर्च आणि ते बनवणाऱ्या टीमचे पगारसुद्धा. म्हणजे मित्रांनो, तुम्ही त्या हिशेबातली एक ओळ असता. असायला पाहिजे.

मला ॲडव्हान्स मिळाला पंधरा हजार, रोख, एका पाकिटात. पावती नाही, करार नाही. पाकिटावर हॉटेलचं नाव. आणखी पंचवीस हजार प्रचाराच्या मध्यात. उरलेले वीस हजार आजपर्यंत आलेले नाहीत. आणि मी कोणाकडे मागू? कागदावर मी तिथे नव्हतोच. आतेभावाला बोलायची लाज वाटते. तिथल्या जुन्या मुलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हरलेल्याचे बुडतात, जिंकलेल्याचे लांबतात. निम्मे आधी घे." मी ऐकलं नाही.

दुसरं, परवानगी. टीव्ही, केबल, रेडिओ आणि सोशल मीडियावर राजकीय जाहिरात द्यायची तर आधी ती माध्यम प्रमाणन समितीकडून तपासून घ्यावी लागते. सगळे तिला एमसीएमसी म्हणतात. उमेदवाराने किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, व्हिडिओच्या दोन प्रती द्यायच्या, सोबत व्हिडिओत जे बोललंय ते शब्द न शब्द लिहून सही करून द्यायचं, आणि बनवायला किती खर्च आला तेही. हे लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे जिल्ह्याच्या कार्यालयात चार चकरा झाल्या. तिथले एक क्लार्क फार सज्जन. जाहिरातीतला एक शब्द कागदावर राहिला होता तर त्यांनी अर्ज परत केला. मला तेव्हा राग आला. आता वाटतं, अख्ख्या प्रचारात तेवढी एकच जागा होती जिथे कोणीतरी आमचा व्हिडिओ शेवटपर्यंत, शांतपणे बघत होतं.

पण यातली मेख लक्षात घ्या. ही तपासणी जाहिरातीची. एखाद्याने स्वतःच्या अकाउंटवर टाकलेली साधी पोस्ट जाहिरात धरली जात नाही. आणि आमच्या पन्नास तुकड्यांतले पंचेचाळीस कार्यकर्त्यांच्या फोनवरूनच जायचे, ग्रुपमधून ग्रुपमध्ये. तिथे तपासणारा कोणी नाही. तिथे तपासणारा म्हणजे एडिटिंगला बसलेला मुलगा. रात्रीचे दोन वाजलेत, त्याचे डोळे लाल झालेत, आणि त्याला अजून सहा व्हिडिओ काढायचेत.

४१ सेकंदांचे ९ सेकंद

आता ज्यासाठी हा भाग करतोय ते.

अर्ज माघारीची तारीख ४ नोव्हेंबर होती आणि प्रचार संपणार १८ ला संध्याकाळी सहाला. म्हणजे चित्र स्पष्ट झाल्यावर हातात जेमतेम चौदा दिवस. या काळात गावातल्या लोकांचे बाइट सगळ्यात जास्त चालतात. नेता स्वतःबद्दल बोलला तर कोणी ऐकत नाही. गावातली बाई बोलली तर ऐकतात.

आमची पद्धत अशी होती. आधी वॉर रूममध्ये ठरायचं की उद्या काय हवंय. रस्ता, पाणी, लाईट, दवाखाना. मग ते बोलणारा माणूस शोधायला निघायचं. म्हणजे उत्तर आधी ठरलेलं, प्रश्न नंतर.

मला वाटायचं ही आपल्याकडचीच युक्ती. नंतर एकदा वाचनात आलं की प्रकार फार जुना आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. टीव्ही नवीन होता. रॉसर रीव्ह्ज नावाच्या जाहिरातवाल्याने त्यांना न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसवून छोटी छोटी उत्तरं रेकॉर्ड करून घेतली. प्रश्न विचारणारी साधी माणसं नंतर रस्त्यावरून आणली आणि त्यांच्याकडून प्रश्न वाचून घेतले. मग दोन्ही जोडलं. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस जनतेशी बोलतोय. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना भेटलेच नव्हते. मालिकेचं नाव होतं, आयझेनहॉवर अमेरिकेला उत्तर देतात.

तर, ११ नोव्हेंबर. आम्हाला "पाणी" हवं होतं. मी आणि कॅमेऱ्याचा एक मुलगा एका वस्तीवर गेलो. पन्नाशीच्या एक मावशी ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या. फार छान बोलल्या. न लाजता, सरळ कॅमेऱ्यात बघून. मला त्यांचं बोलणं आजही पाठ आहे, कारण ती फाईल मी शंभर वेळा ऐकलीय.

"नळ आला. पाणी आलं दारात. पहिल्या दिवशी मी हंडा भरून नुसती बघत बसले, खोटं नाही सांगत. दोन महिने आलं. मग मोटर जळाली म्हणले. तवापासून नळ हाय, पाणी नाही. टँकरच हाय. मोटर तेवढी बसवा म्हणावं साहेबाला, मत देतो की आम्ही."

४१ सेकंद.

रात्री मी ते टाइमलाइनवर टाकलं. टीम लीडने मागे उभं राहून ऐकलं आणि म्हणाला, "'खोटं नाही सांगत' इथे काप." मी कापलं. राहिलं काय? नळ आला, पाणी आलं दारात, पहिल्या दिवशी मी हंडा भरून नुसती बघत बसले, खोटं नाही सांगत. त्यावर बासरी. नऊ सेकंद. शेवटी साहेबांचा फोटो आणि चिन्ह.

मी कुठलाच शब्द घातला नव्हता. आवाज बदलला नव्हता. एआय नाही, काही नाही. प्रत्येक अक्षर त्या मावशींचंच होतं. आणि तरी तो व्हिडिओ खोटा होता. हे मला तेव्हा कळलं का? कळलं. अगदी कट मारतानाच कळलं. पण पुढचा व्हिडिओ वाट बघत होता, आणि खरं सांगायचं तर तो तुकडा इतका सुंदर जमला होता की मला मजा आली. हे मी लपवणार नाही. चांगला कट जमला की मजा येते, मग तो कशाचाही असो.

तो व्हिडिओ आमचा सगळ्यात जास्त चाललेला पाण्याचा व्हिडिओ ठरला. १४ तारखेला व्हॅनवर चढला. व्हॅन त्याच वस्तीवर गेली.

१६ ला दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. तिथल्या कार्यकर्त्याकडून माझा नंबर घेतला होता.

"तू त्यो फोटू काढणारा का?"

"हो मावशी, बोला ना."

"लेकरा, मी एवढंच बोलले व्हते का रे?"

माझ्या तोंडून काही निघेना. त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच जड जात होतं. सांगत होत्या की सकाळी टँकर आला तर बाया म्हणाल्या, तुझ्या दारात पाणी आलंय ना, सगळ्या तालुक्यानं बघितलं, मग रांगेत कशाला उभी राहतीस? कोणी म्हणालं, किती पैसे घेतलेस? त्यांच्या मुलाच्या फोनवर नातेवाइकांनी तो व्हिडिओ पाठवला होता, शाब्बास म्हणून. फोनवर त्या दोनदा म्हणाल्या, "मोटरचं बोलले व्हते मी. ते कुठं गेलं?"

मी टीम लीडकडे गेलो. म्हणालो, काढू या हा. तो वाईट माणूस नव्हता. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अरे, परवा सहाला प्रचारच संपतोय. दोन दिवस कळ काढ." मी स्वतः जाऊन तीन व्हॅनच्या पेनड्राइव्हवरून ती फाईल उडवली. पण व्हॉट्सॲपवर गेलेलं परत कसं आणणार? सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर आम्ही जुनी आवृत्ती परत चढवतो. रोलबॅक म्हणतात त्याला. इथे रोलबॅक नसतो.

निकालानंतर चार दिवसांनी मी त्या वस्तीवर गेलो. हार-गुलाल सगळं संपलं होतं. मावशींना म्हणालो, माझं चुकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं बोललेलं हाय का तुझ्याकडं?" होतं. मी लॅपटॉप उघडला. शेजारच्या दोन-तीन बायका आल्या. ४१ सेकंद चालले. मोटर जळाली, टँकर, मोटर तेवढी बसवा, सगळं. मावशी त्या बायकांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हां. हे बोलले व्हते मी."

ती फाईल मी त्यांच्या मुलाच्या फोनवर टाकून दिली. मोटरचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. पण माझी हिंमत झाली नाही.

मग जाऊ का?

त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

करिअर आहे का? आहे. निवडणुका संपत नाहीत. ग्रामपंचायत, नगरपालिका, झेडपी, महापालिका, विधानसभा, लोकसभा, सारखं काही ना काही चालू असतं, आणि आता नगरसेवकालाही रील लागतं. मधल्या काळात नेत्याचं पेज सांभाळायचं काम असतं. पण हे हंगामी काम आहे, उसासारखं. चार महिने झोप नाही आणि चार महिने फोन नाही. त्यामुळे सोबत दुसरं काही धरून ठेव. लग्नाचे व्हिडिओ सोडू नकोस.

शिकायला मिळतं का? भरपूर. वेगात काम करणं, साधं बोलणं, लोक काय बघतात आणि कुठे अंगठा सरकवतात, हे मला पाच वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं ते २७ दिवसांत कळलं. आज मी परत सॉफ्टवेअरमध्येच आहे, पण तिथे शिकलेलं रोज वापरतो.

फक्त जायच्या आधी चार गोष्टी बोलून घे. नंतर नाही, आधी.

पहिली, पैसे. निम्मे आधी, बँकेत, आणि साध्या कागदावर का होईना पण लिहून. पैसे खात्यात द्यायला कोणी फारच कां-कूं करत असेल तर त्यामागचं कारण तुझ्या लक्षात आलंच असेल. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथल्या खर्चाच्या मर्यादा आणि नियम वेगळे असतात. ते एकदा वाचून जा.

दुसरी, दुसऱ्याचा चेहरा किंवा आवाज बनवून घालायचा नाही. मलाही एकदा सांगितलं होतं की समोरच्या उमेदवाराच्या आवाजात "मी माघार घेतो" असं काढून दे, ते तुला येतंच. मी नाही म्हणालो. मे २०२४ मध्येच आयोगाने पक्षांना सांगितलं होतं की असला बनावट व्हिडिओ लक्षात आला तर तीन तासांत काढा. पण तीन तासांत तो अख्ख्या तालुक्यात फिरून येतो, हे आयोगालाही माहीत आहे आणि बनवून घेणाऱ्यालाही. उमेदवाराबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. आणि पकडायला आले तर फाईल तुझ्या लॅपटॉपवर सापडते, साहेबांच्या नाही.

तिसरी, मूळ फुटेज जपून ठेव. प्रत्येक तारखेचं, वेगळ्या हार्ड डिस्कवर. माझ्याकडे ते ४१ सेकंद नसते तर त्या मावशींकडे स्वतःच्या बाजूचा काहीच पुरावा नव्हता.

चौथी, आणि ही मला सगळ्यात जवळची. ज्या माणसाला तू कॅमेऱ्यासमोर बसवलंस, त्याला कापलेला व्हिडिओ दाखव. पुढे पाठवायच्या आधी. "हे जातंय, चालेल का?" एवढंच विचार. दोन मिनिटं लागतात. कापू नको असं मी म्हणत नाही. कापल्याशिवाय व्हिडिओ होतच नाही. पण जो कट तू त्या माणसाच्या डोळ्यांदेखत दाखवू शकत नाहीस, तो करू नकोस. उमेदवार परवा मुंबईला जाईल, तू पुण्याला परत जाशील. ती माणसं त्याच गावात, त्याच रांगेत राहणार आहेत.

हे सगळं मी त्या मुलाला काल फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, पहिल्या तीन ठीक आहेत. पण चौथी अट सांगितली तर मला घेणारच नाहीत."

मी म्हणालो, "सांगून तर बघ. नाही घेतलं तर काम काय होतं ते तुला पहिल्याच दिवशी कळेल. मला कळायला सोळा नोव्हेंबर उजाडावा लागला."

तो उद्या भेटायला जाणार आहे. काय होतं ते कळवतो म्हणालाय. त्याने परवानगी दिली तर पुढच्या भागात तुम्हालाही सांगेन.

आणि एक विनंती. तुमच्या घरच्या ग्रुपवर एखाद्या मावशीचा, आजोबांचा, शेतकरी दादांचा नऊ सेकंदांचा गोड व्हिडिओ आला, तर पुढे ढकलायच्या आधी एकदा मनात विचारा, याच्या पुढे हे काय बोलले असतील?

चला, चहा गार झाला. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.